सिस्ट दिसल्या म्हणून ओव्हरी काढायची घाई करू नका

ताई, तुम्ही बहिणीबद्दल लिहिलेलं वाचलं. दहा दिवसांपूर्वी मोल प्रेग्नन्सीचं सक्शन (गर्भाशय आतून ओढून साफ करणं) झालं, आता दोन्ही ओव्हरींवर (अंडाशयांवर) 8-9 सेंमीच्या सिस्ट दिसून राहिल्या आणि सासरचे म्हणतात काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. तिच्या डॉक्टरांनी थांबा म्हटलंय ना, ते बरोबर आहे. मी यातून गेलेली आहे म्हणून एवढं लिहून राहिली.

मोल म्हणजे द्राक्षगर्भ, नीट गर्भाऐवजी द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फुगे वाढतात. त्यात बीटा एचसीजी हा गरोदरपणाचा हार्मोन भयंकर वाढतो, माझा दोन लाखाच्या वर होता, आणि तोच हार्मोन ओव्हरीला सारखा डिवचत राहतो म्हणून तिच्यात पाण्याच्या पिशव्या भरतात, बहुतेक वेळा दोन्हीकडे. थीका ल्युटीन सिस्ट म्हणतात त्यांना. त्या कॅन्सरच्या गाठी नाहीत. बीटा उतरला की आपोआप विरतात, पण बीटाच्या मागून, दोन ते चार महिने लागतात आणि सक्शननंतर काही दिवस तर उलट थोड्या वाढूही शकतात. माझ्या सिस्ट तीन महिन्यांत विरल्या, एकही औषध नाही.

पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मोठी झालेली ओव्हरी स्वतःभोवती पीळ खाऊ शकते. क्वचित होतं, मला झालं. सक्शनला अठरा दिवस झाले होते, बादली उचलायला वाकली आणि उजवीकडे असं दुखलं की तिथेच बसली, लगेच उलटी. मग थोडं कमी झालं म्हणून आम्ही गॅस समजून ओवा खात बसलो, त्यात चार तास गेले, त्याचं मला अजून वाईट वाटते. दवाखान्यात फॉर्मवर 'ओव्हरी काढणे' लिहून सही मागितली, तर माझ्या आईने कागद धरून ठेवला, म्हणे पीळ सोडवून का नाही पाहत? मग मोठ्या मॅडम आल्या, दुर्बिणीतून पीळ सोडवला, दोन-तीन सिस्टमधलं पाणी ओढलं आणि ओव्हरी ठेवली. निळी-काळी पडली होती तरी जगली. तशी दिसली म्हणजे मेलीच असं नसते. पोरगा आता सहावीत आहे.

म्हणून एका बाजूला अचानक दुखलं, उलटी झाली, चक्कर आली किंवा पोट फुगलं (सिस्ट फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो) तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो दवाखान्यात, जे जवळ पडेल तिथे जा. कमी झालं तरी जा. सगळे रिपोर्ट एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

खरं लक्ष बीटावर ठेवायचं आहे. दर आठवड्याला, एकाच लॅबमधून, मी कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायची. तो खाली येता येता अडकला किंवा परत चढला तर मोलच्या पेशी आत वाढून राहिल्या असू शकतात आणि केमो लागू शकतो, पण घाबरू नका, वेळेवर घेतला तर हा आजार जवळजवळ सगळ्यांचाच बरा होतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दिवस राहू देऊ नका, कारण नवीन गर्भानेही बीटा चढतो मग आजार परतला की बाळ आहे हेच समजत नाही. ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं का तेही आजच विचारा.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. आणि पुढचा बीटा आला की आकडा कळवा, मी वाट पाहते.