विषय मुलीच्या आवडीचा, पण निष्कर्ष वडिलांचा?

प्रश्न : माझी मुलगी कला शाखेतून बारावी झाली, ८४ टक्के आहेत. आमचं घर पंचवटीत, वातावरण पिढीजात धार्मिक. अमेरिकेतले तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांच्याविषयी मी एक व्याख्यान ऐकलं. देव आहे हे त्यांनी तर्काने सिद्ध केलं आणि नास्तिकांची तोंडं बंद केली. मुलीनेही तत्त्वज्ञान शिकून आपल्या धर्मासाठी असंच काम करावं, अशी माझी इच्छा आहे. आधी आपली बाजू पक्की करावी, मग बाकीचं वाचावं. पण हल्ली ती नको ते प्रश्न विचारते. काळाराम मंदिर सत्याग्रहावरून घरात मोठा वाद झाला, शेवटी मी तिला गप्प केलं. कॉलेजात जाऊन ती नास्तिक तर होणार नाही ना?
– एक वडील, नाशिक

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्राच्या तळाशी, वेगळ्या पेनाने, मुलीने दोन ओळी लिहिल्या आहेत. तुम्ही त्या वाचल्या की नाही, कोण जाणे. 'मला हा विषय खरंच आवडतो. पण माझं उत्तर वेगळं आलं तर बाबा माझ्याशी बोलणार नाहीत.' माझ्या दृष्टीने पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

मुलांना जबरदस्तीने इंजिनीअरिंगला घालणारे पालक मला नेहमी भेटतात. तुम्ही मुलीला तिच्या आवडीचा विषय घेऊ देताय, ही साधी गोष्ट नाही. पण त्या विषयातून तिने कुठे पोहोचायचं, हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. हा दबाव मला जास्त जड वाटतो. नावडत्या कोर्सचा कंटाळा तरी बोलून दाखवता येतो. इथे मनात नुसती शंका आली तरी आपण बाबांना दुखावतोय, असं तिला वाटणार. आणि शंका घेतल्याशिवाय हा विषय शिकताच येत नाही.

तुम्ही प्लँटिंगांचं नाव घेतलंत, तर त्यांचं आयुष्यही बघा. १९३२ चा जन्म, कट्टर प्रोटेस्टंट घर, वडील स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मुलाला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो हार्वर्डला गेला. तिथे त्याची पहिल्यांदाच बुद्धिमान, अश्रद्ध माणसांशी गाठ पडली आणि त्याचाही विश्वास डळमळला. पुढे श्रद्धा टिकली, पण ती शंकांमधून गेल्यावर. सुट्टीत घरी आला असताना केल्विन कॉलेजात जेलेमा नावाच्या प्राध्यापकांचे तास त्याने ऐकले आणि हार्वर्ड सोडून तो त्या छोट्या कॉलेजात परतला. पुढे तिथेच जवळपास वीस वर्षं शिकवलं, मग नोत्र दाम विद्यापीठात. २०१७ साली धर्म-अध्यात्मविषयक कामासाठी दिला जाणारा टेम्पलटन पुरस्कार मिळाला.

आता तुमचा एक गैरसमज. प्लँटिंगांनी देव सिद्ध केला म्हणून त्यांचं नाव झालं, असं नाही. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये मांडलं होतं की सर्वशक्तिमान, दयाळू देव आणि जगातलं दुःख या दोन गोष्टी तर्कात एकत्र बसतच नाहीत. प्लँटिंगांनी १९७४ मध्ये दाखवलं ते इतकंच की बसू शकतात, कारण खरोखर स्वतंत्र माणसं निर्माण करायची तर ती वाईट वागण्याची शक्यताही राहते. 'बसू शकतात' म्हणजे 'देव आहे' नव्हे. मॅकी यांनी पुढे हा तार्किक मुद्दा बऱ्याच अंशी मान्य केला आणि तरीही ते नास्तिकच राहिले. कुणाचं तोंड बंद झालं नाही. विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा नेमकं मांडता येणं, हेच या कामाचं कसब आहे. आपल्याकडे न्याय दर्शनातले, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेतले, प्राचीन पंडित उदयनाचार्य यांनीही ईश्वराची बाजू मांडली ती चार्वाक, बौद्ध, मीमांसक अशा विरोधी मतांच्या विचारवंतांचे आक्षेप एकेक समोर घेऊनच.

म्हणून काळाराम मंदिराचा प्रश्न 'नको तो' नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा सत्याग्रह सुरू झाला, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पाच वर्षांनी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. देव सर्वांचा, तर त्याच्या दारात माणसं का अडवली? नाशिकमध्ये बसून धर्माचा विचार करणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडला नसता, तर मला तिची काळजी वाटली असती. त्या दिवशी तिला गप्प करून तुम्ही चूक केलीत.

ती नास्तिक होईल का? होऊ शकते. तुमच्यापेक्षा डोळस भाविकही होऊ शकते. याची हमी कुठलंही कॉलेज देणार नाही आणि तुम्ही मागूही नका.

बाकी वाट सरळ आहे: बीए, एमए, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक घेतलं तर दुसऱ्या पेपरचा अर्धा भाग धर्माच्या तत्त्वज्ञानाचाच आहे. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी निघतात, हे आजच तिच्या कानावर घाला आणि इंग्रजी वाचनाची सवय लावा. पुण्याला विद्यापीठात तत्त्वज्ञान विभाग आहे. सुट्टीत अमळनेरला घेऊन जा. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञानाची संस्था काढली होती, तीही खानदेशातल्या एका गिरणीमालकाने, हे तिला कळू दे.

बीएला तत्त्वज्ञान सगळ्याच कॉलेजांत मिळत नाही. म्हणून प्रवेशअर्ज भरायच्या आधी विभागात जा, कोण शिकवतं ते विचारा आणि जमलं तर तिला एका तासाला बसू द्या. शिक्षकांशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबा.