दुबईहून घरी व्हॉट्सॲप कॉल करायला व्हीपीएन वापरलं तर गुन्हा होतो का?

नुसतं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा आपला खरा पत्ता लपवणारं ॲप, फोनमध्ये असणं हा गुन्हा नाही. तिथल्या कंपन्या आणि बँका आपल्या अंतर्गत नेटवर्कसाठी ते राजरोस वापरतात. खरी मेख आहे अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यातल्या कलम १० मध्ये. हा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी पत्ता) लपवून गुन्हा केला, किंवा झालेला गुन्हा दडवला, तर कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, प्रसंगी दोन्ही. आता व्हॉट्सॲप कॉलसारखी तिथे बंद केलेली सेवा मागच्या दाराने वापरणं यात बसवायचं म्हटलं तर बसवता येतं. त्यामुळे आईशी दहा मिनिटं बोलायला एवढी जोखीम मी तरी घेणार नाही. बोटिम या कॉलिंग ॲपला तिथे परवानगी आहे, तेच घरच्यांच्याही फोनमध्ये टाकून द्या.