वाचकांचे प्रश्न : व्यावसायिक वकिलांची ऑनलाइन परिषद

प्रश्न : कंपन्यांचे करार, विलीनीकरण आणि संपादन या कामांत मी काही वर्षे आहे. व्यावसायिक कायद्याच्या वकिलांसाठी भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदेत कार्यालयाने माझे नाव नोंदवले आहे. बहुतेक सत्रांचे रेकॉर्डिंग नंतर मिळणार आहे, त्यामुळे नेहमीची कामे चालू ठेवून भाषणे सवडीने ऐकावीत, असे सहकारी म्हणतात. थेट उपस्थित राहण्याने खरोखर काही अधिक मिळते का?

उत्तर : भाषणांपुरता सहकाऱ्यांचा सल्ला बरोबर आहे. निवाड्यांचा वार्षिक आढावा किंवा नव्या नियमांची ओळख यांसारखी सत्रे नंतर ऐकलेली चालतात, किंबहुना मध्ये थांबवून टिपणे काढता येत असल्याने ती तशीच बरी. तथापि छोट्या गटांच्या चर्चा, समित्यांच्या बैठका आणि भाषणानंतरची प्रश्नोत्तरे यांचे रेकॉर्डिंग बहुधा ठेवले जात नाही, आणि ठेवले तरी त्यात तुमचा प्रश्न नसतो.

एक उदाहरण घेऊ. १५ हॉटेलांच्या ५.८ अब्ज डॉलरच्या विक्रीवरून अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी न्यायालयात वाद गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ठरवले की महासाथ त्या करारातील ‘गंभीर प्रतिकूल परिणामा’च्या, म्हणजे ज्या हानीमुळे खरेदीदाराला माघार घेता येते तिच्या, व्याख्येत बसत नाही, मात्र करार आणि ताबा यांच्या दरम्यान व्यवसाय पूर्वीच्याच पद्धतीने चालवण्याचे वचन विक्रेत्याने महासाथीमुळे केलेल्या बदलांनी मोडले, म्हणून खरेदीदाराला व्यवहारातून बाहेर पडता येते. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. एवढे कोणालाही आपल्या टेबलापाशी बसून वाचता येते. पण त्यानंतर विक्रेत्याचे वकील त्या वचनात ‘वाजवी प्रयत्न’ हे शब्द घालून घेण्याचा आग्रह किती धरतात, आपत्तीच्या काळासाठी वेगळा अपवाद मागतात का, आणि समोरची बाजू त्या बदल्यात काय मागते, हे असे मसुदे रोज घासाघीस करून ठरवणाऱ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कोणत्याही निवाड्यात ते छापलेले नसते. थेट उपस्थितीचा वेळ अशा विचारपुशीसाठी राखून ठेवावा.

म्हणून कार्यक्रमपत्रिका हाती येताच सत्रांची दोन भागांत विभागणी करा : जिथे तुम्हाला बोलायचे आहे ती, आणि जिथे फक्त ऐकायचे आहे ती. पहिल्या प्रकारची मोजकीच निवडा आणि त्या वेळा तारीख पडल्याप्रमाणे अडवून ठेवा, कारण तुम्ही कार्यालयातल्या खुर्चीतच दिसत असल्याने सगळे तुम्हाला मोकळेच समजतात. शक्य असल्यास त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसा. प्रश्न आधी लिहून ठेवा. पडद्यावरच्या प्रश्नोत्तरांत लांबलचक प्रस्तावनेला कोणी थांबत नाही. ज्यांचे उत्तर उपयोगी पडले त्यांना त्याच दिवशी, नेमका मुद्दा लिहून, दोन ओळींचा संदेश पाठवावा. प्रत्यक्ष परिषदेत चहाच्या वेळी ओळखी आपोआप होतात, येथे त्या करून घ्याव्या लागतात, आणि माझ्या मते ऑनलाइन परिषदेची ही उणीव कोणत्याही तंत्राने पुरती भरून निघालेली नाही.

वेळेबाबत एक सूचना. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. मधल्या काळात या दोन खंडांतले नेहमीचे अंतर एका तासाने बदलते, आणि जे देश घड्याळे बदलतच नाहीत त्यांचा हिशेब दोन्हींशी वेगवेगळा चुकतो. परिषद या काळात असेल तर वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवरून मोजा. इंटरनॅशनल बार असोसिएशनने मायामीला ठरलेली २०२० ची वार्षिक परिषद पडद्यावर घेतली, तेव्हा कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये अनेक आठवड्यांत विभागला होता. तुमची परिषद सलग दिवसांची असेल, तर अपरात्रीची सत्रे निःसंकोचपणे रेकॉर्डिंगवर सोडा.

प्रश्न : मी एका कंपनीच्या विधी विभागात आहे. सध्या चालू असलेल्या एका व्यवहारात आम्हाला जी अडचण आली आहे, नेमक्या त्याच विषयावर परिषदेत गटचर्चा आहे. कोणाचेही नाव न घेता चॅटमध्ये प्रश्न विचारला तर चालेल का? चर्चेला ‘चॅथम हाउस नियम’ लागू राहील, असे आयोजकांनी कळवले आहे.

उत्तर : नाव गाळले म्हणजे ओळख गेली, असे समजू नका. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांपैकी गोपनीयतेच्या नियमावरील टिप्पणी काल्पनिक उदाहरणाच्या आधारे चर्चा करण्यास मुभा देते, पण ऐकणाऱ्याला अशील कोण किंवा प्रसंग कोणता हे ओळखता येण्याची वाजवी शक्यता नसावी, या अटीवर. तुमचा नियम दुसरा असला तरी ही कसोटी उपयोगी आहे. तुमच्या परिषदेला येणारे लोक त्याच क्षेत्रातले आहेत. उद्योग, व्यवहाराची रक्कम आणि महिना एवढे तीन तपशील दिले की त्यांच्यापैकी काहींना कंपनीचे नाव सांगावे लागणार नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर अजाहीर माहिती फुटण्याचा गंभीर प्रश्न त्यात भर घालतो. तेव्हा प्रसंग बाजूला ठेवा आणि कलमाबद्दल विचारा : ‘नियामकाची परवानगी लांबली तर अंतिम मुदत आपोआप वाढण्याची तरतूद आपण कशी लिहिता?’ एवढ्यावर उत्तर मिळते, आणि ते मत म्हणूनच घ्यावे, कारण ते देणारा तुमच्या कंपनीचा वकील नसतो आणि वकील-अशील संवादाचे संरक्षण त्या बोलण्याला असेल असे धरून चालता येत नाही.

चॅथम हाउस नियमाबद्दल मोठा गैरसमज आहे. लंडनच्या चॅथम हाउस या संस्थेत १९२७ साली झालेला आणि १९९२ व २००२ मध्ये सुधारलेला हा नियम ऐकलेली माहिती वापरण्यास मोकळीक देतो. ती कोणी सांगितली, चर्चेत आणखी कोण होते आणि ते कोणत्या संस्थांचे, एवढेच उघड करण्यास मनाई करतो. म्हणजे तो बोलणाऱ्याला आडोसा देतो, माहितीला कुलूप लावत नाही. तुमच्या अशिलाचे गुपित ऐकणाऱ्याने ‘एका वकिलाने सांगितले’ म्हणून पुढे नेले, तरी नियम मोडला असे होत नाही.

लिहिलेले चॅट कोणीतरी जतन करील, हे गृहीत धरा. आपोआप टिपणे घेणारी साधने आयोजकांच्या परवानगीशिवाय सत्रात आणू नका. चर्चेत प्रतिस्पर्धी कंपन्यांचे वकील असतील आणि बोलणे किमतींकडे किंवा ग्राहकांच्या वाटणीकडे वळले, तर स्पर्धा कायद्याच्या दृष्टीने गप्प बसून ऐकत राहणे पुरेसे नाही. आक्षेप नोंदवून बाहेर पडा. आवाजावर चालणारे स्मार्ट स्पीकर खोलीत असतील तर तेही बंद ठेवा. अमेरिकन बार असोसिएशनच्या नीतिविषयक समितीने मार्च २०२१ च्या मतात आभासी कामकाजासाठी हीच दक्षता सुचवली आहे.

प्रश्न : सहा-सात तास कॅमेऱ्यासमोर बसून डोके सुन्न होते. कॅमेरा बंद ठेवणे असभ्य ठरेल का?

उत्तर : मोठ्या सत्रांत मुळीच नाही, छोट्या गटात मात्र चालू ठेवावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत स्वतःचाच चेहरा दिसत राहणे हे एक आहे. स्वतःची चौकट लपवण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते, ती वापरा.

प्रश्न : अशा उपस्थितीचे तास सक्तीच्या व्यावसायिक शिक्षणात धरले जातात का?

उत्तर : तुमची सनद जिथली, तिथला नियम पाहावा लागेल. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलांना दर दोन वर्षांत २४ तास लागतात आणि तिथला एक तास ५० मिनिटांचा असतो. कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास लागतात, आणि त्यांतले निदान निम्मे असे हवेत की ज्यांतील हजेरी आयोजकाने पडताळली आहे. उलट इंग्लंड व वेल्समध्ये सॉलिसिटरांसाठी तासांची मोजणीच नोव्हेंबर २०१६ पासून बंद झाली. हजेरी पडताळण्यासाठी सत्राच्या मध्येच एखादा संकेतांक सांगतात, तो लिहून घ्या, आणि प्रमाणपत्रावर सनदेचा क्रमांक हवा असेल तर नोंदणीच्या वेळीच द्या.