लो-लाईट प्लांटेड टाकीला साधी एलईडी पट्टी पुरते का?

पुरते. कमी प्रकाशात वाढणारी झाडं लावलेल्या तुमच्या माशांच्या टाकीला दोन फुटी, १० वॅटच्या दोन साध्या बॅटन (ट्यूबलाईटसारख्या सरळ एलईडी) पट्ट्या भरपूर झाल्या. त्यातलीही दुसरी लगेच लावू नका.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. ऐरोलीत सिडकोच्या घरात हॉलमध्ये टाकी आहे, अडीच फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. सहकाऱ्याने घर बदलताना दिलेली, सोबत एक गुलाबी-निळी पट्टी. आत लाकडावर बांधलेली अनुबियास आणि जावा फर्न, पुढे क्रिप्टोकोरीन लावायची इच्छा, सगळी पाण्यात वाढणारी झाडं. काचेवर तपकिरी थर धरतोय. दुकानदार म्हणतो, साडेचार हजारांचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) लाईट घ्या, त्याशिवाय झाडं जगणार नाहीत. बजेट दीड हजार. आणि सासूबाईंना विजेच्या बिलाची काळजी.

आधी हिशेब करू. अडीच गुणिले एक गुणिले दीड म्हणजे पावणेचार घनफूट, साधारण १०६ लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी दोन इंच सोडली तर खरं पाणी ९० लिटरच्या आसपास. कमी प्रकाशात वाढणाऱ्या झाडांना लिटरमागे १० ते २० ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप) हा ढोबळ पण कामाला येणारा आकडा आहे. म्हणजे तुम्हाला हवेत ९०० ते १८०० ल्युमेन. बऱ्या कंपनीची १० वॅटची दोन फुटी पट्टी १००० ल्युमेनच्या आसपास देते, आकडा खोक्यावर छापलेला असतो. वॅटवर जाऊ नका. 'लिटरमागे इतके वॅट' हा नियम जुन्या फ्लुरोसंट ट्यूबच्या काळातला आहे, एलईडीला लावला तर दुप्पट प्रकाश विकत घ्याल. चार फुटी २० वॅटची पट्टी सगळीकडे मिळते आणि स्वस्तही असते, पण ती तुमच्या टाकीबाहेर दीड फूट लोंबेल. दोन फुटी शोधावी लागते. जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नसेल तर मागवून घ्या. मासे बघायला क्रॉफर्ड मार्केटला चक्कर होणार असेल तर लोहार चाळ तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे, तिथे हमखास मिळेल.

खोक्यावर ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) किंवा 'कूल डेलाईट' असं लिहिलेलं घ्या. या आकड्याला काहीजण देवासारखं पूजतात, तसं काही नाही. ४००० केल्विनच्या पट्टीखालीही झाडं वाढतात, फक्त पाणी पिवळसर दिसतं आणि घरचे विचारतात की पाणी बदललं नाही का. 'झाडांचा स्पेशल' लाईट लागतो या म्हणण्यात अर्धंच तथ्य आहे. झाडं निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतात, खरं आहे. पण आपली पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळा तिच्यात मुबलक असतो, लालही लो-लाईट झाडांपुरता असतो, आणि मधला हिरवाही झाडं वापरतात. तुमच्याकडची गुलाबी-निळी पट्टी निरुपयोगी नाही, झाडं तिच्यावरही जगतील. पण ती किती प्रकाश देते हे तिच्यावर कुठे लिहिलेलं नसतं, आणि तो रंग ल्युमेनमध्ये मोजण्यात अर्थ नाही, कारण ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात आणि आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात जास्त दिसतो. शिवाय त्या उजेडात अनुबियासची पानं काळी दिसतात. मग टाकी ठेवायची कशाला?

दुकानदाराच्या आरजीबी लाईटबद्दल. तो वाईट नसेल, कदाचित उत्तमच असेल. पण तो ज्या टाकीसाठी बनवलाय ती टाकी वेगळी. तळाला पसरणाऱ्या मॉन्टी कार्लो झाडाचा गालिचा, लालभडक रोटाला मॅक्रँड्रा (ही मूळची भारतातलीच, तरी नखरे परदेशी पाहुणीचे), सोबत सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि रोजचं खत. तेवढा प्रकाश अनुबियासवर टाकला तर झाडाची भूक वाढते, पण पाण्यात कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहतो. अनुबियास महिन्याला जेमतेम एक-दोन पानं काढणारं संथ झाड, त्याला तो प्रकाश वापरता येत नाही. उरलेला कोण वापरतो? शेवाळ. पानांवर हिरवे ठिपके, कडांना काळी दाढी. मग शेवाळमार औषध, मग ते औषध कोळंबीला मानवत नाही, आणि खर्च कुठल्या कुठे जातो. लो-लाईट टाकीत प्रकाश कमी पडून झाडं मेलेली मी फार थोडी पाहिली आहेत. जास्त प्रकाशाने शेवाळलेल्या टाक्या मात्र ठाण्यात घरोघरी पाहिल्यात.

आता पट्टी बसवायची कशी. पैसा इथे लागत नाही, डोकं लागतं. बॅटनला परावर्तक नसतो, उजेड बाजूंनाही पसरतो आणि त्यातला बराचसा तुमच्या डोळ्यात आणि भिंतीवर जातो. शाळेच्या प्रोजेक्टला आणतो तो पांढरा सनबोर्ड स्टेशनरीच्या दुकानातून आणा, त्याची टाकीच्या मापाची उथळ टोपी करा आणि पट्टी तिच्या आत, टोपीला टेकवून बसवा. चुरगळलेली चांदीची फॉइल लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. साधा स्वच्छ पांढरा पृष्ठभाग तिच्याइतकंच काम करतो आणि गंजत नाही, सुटून पाण्यातही पडत नाही. टोपीच्या मागच्या बाजूला हवा खेळायला तीन-चार इंचांची फट ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी तसंही ३१-३२ अंशांवर जातं, वर बंद टोपीची उष्णता नको.

पहिली पट्टी मधोमध लावा. दुसरी लावायची जागा पुढच्या काचेजवळ ठेवा, क्रिप्टोकोरीन तिथेच खाली वाळूत येणार आहेत. दीड फूट उंचीत तळाला मिळणारा प्रकाश आणि लाकडावरच्या अनुबियासला मिळणारा प्रकाश यांत बराच फरक असतो. म्हणून अनुबियास लाकडाच्या टोकावर मिरवायला ठेवू नका. तिला खाली, सावलीत, जावा फर्नच्या आडोशाला बांधा. तिच्या पानांवरचे ठिपके निम्मे तिथेच थांबतील.

काहीजण १० किंवा २० वॅटचा फ्लड लाईट सुचवतील. वाईट पर्याय नाही. आयपी ६५ असतो, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही, आणि एकाच बिंदूतून प्रकाश येत असल्याने वाळूवर पाण्याच्या लहरींच्या सुंदर सावल्या नाचतात. पण अडीच फुटी टाकीत मधोमध झगमगाट आणि दोन्ही टोकांना संध्याकाळ, असं होतं. वर टांगायला ब्रॅकेट लागतो, तो भिंतीत ठोकायचा तर घरमालकाला विचारा. एक फुटी चौकोनी टाकी असती तर मी फ्लडच सांगितला असता.

फोनमध्ये लक्स (एखाद्या जागी किती उजेड पडतो ते) मोजायचं ॲप उतरवून घ्या. फोनचा सेन्सर ढोबळ असतो, पण कल्पना येते. टोपीतून पट्टी बाहेर काढा, अंधाऱ्या खोलीत धरा, वाळूपासून जेवढी उंच असणार तेवढ्या अंतरावर खाली फोन ठेवा. पांढऱ्या एलईडीसाठी १००० ते २००० लक्स म्हणजे लो-लाईट झाडांना छान. टाकीत काचांवरून प्रकाश परत आत वळतो, त्यामुळे खरा आकडा बाहेर मोजलेल्यापेक्षा थोडा जास्तच निघेल.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. साध्या बॅटनला पाण्यापासून संरक्षण नसतं, ती आयपी २० ची असते. म्हणून टाकीवर काचेचं झाकण हवंच. काचवाल्याकडून ४ मिलिमीटरची काच कापून घ्या, कडा घासून. वायर सॉकेटकडे जाण्याआधी तिला सॉकेटच्या खाली येईल असा लोंबता वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तपासा, आणि हात पाण्यात घालण्याआधी स्विच बंद. पट्टीची टोकं व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनने बंद करू नका. ते काचेला चांगलं, तांब्याला खातं. झाकणावर खालून क्षारांचे पांढरे डाग धरतात, ते दर आठवड्याला पुसा. मळकी काच प्रकाश चांगलाच अडवते, आणि लोक नवी पट्टी आणायला धावतात.

टायमर घ्या. दोन पट्ट्या पाचशेच्या आसपास बसतील, टायमरला तेवढेच, बाकीत सनबोर्ड, काच, वायर, प्लग. यातली एक गोष्ट वगळायचीच असेल तर दुसरी पट्टी वगळा, टायमर नाही. आज चार तास, उद्या पाहुणे आले म्हणून बारा तास, हे झाडांना जमत नाही, शेवाळाला जमतं. सुरुवात रोज सहा तासांपासून करा. दुपारी चार ते रात्री दहा ठेवलंत तरी चालेल, घड्याळात किती वाजले याच्याशी झाडांना देणंघेणं नाही, म्हणजे तुम्ही ऑफिसातून आल्यावर टाकी उजळलेली सापडेल. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. पावसाळ्यात दोन-तीनदा वीज गेली की महिनाअखेरीस तुमचा लाईट रात्री बाराला बंद होऊ लागतो. थोडे जास्त देऊन बॅटरीवाला डिजिटल घेतलात तर ही कटकट नाही.

सासूबाईंसाठी हिशेब: दोन्ही पट्ट्या मिळून २० वॅट, रोज सात तास धरले तरी महिन्याला ४.२ युनिट. १० वॅटचा फिल्टर चोवीस तास चालतो, तो महिन्याला ७.२ युनिट खातो. ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर साडेबावीस. बिल वाढलंच तर ते या पट्ट्यांमुळे नाही.

तपकिरी थराचं कारण प्रकाश नसावा. तो बहुधा डायटमचा (सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा) असेल, नव्याने लावलेल्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत हमखास येतो आणि पाणी स्थिरावलं की जातो. बोटाने सहज पुसला जातो का बघा. जुन्या कार्डाने खरवडा आणि विसरून जा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि ती पट्टीपेक्षा महत्त्वाची ठरू शकते, ती म्हणजे गॅलरीतून येणारं ऊन. आपण १९ अक्षांशांवर आहोत. मे महिन्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन आत फारसं येतच नाही. डिसेंबर-जानेवारीत तो दक्षिणेला कलतो आणि तेच ऊन हॉलमध्ये पाच-सहा फूट आत शिरतं. वर्षभर स्वच्छ असलेली टाकी नाताळात हिरवी होते आणि माणूस लाईटला, खताला, मोरबे धरणाच्या पाण्याला दोष देत बसतो. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन बाराही महिने येतं. टाकीवर थेट ऊन पडत असेल तर पट्टीचे तास कमी करण्याआधी पडदा लावा किंवा मागच्या काचेला कागद चिकटवा. थेट ऊन नसलेला नुसता खोलीतला उजेड हिशेबात धरायची गरज नाही.

पहिली पट्टी लावल्यावर महिनाभर काही बदलू नका. जुन्या पानांकडे बघू नका, ती सुधारत नाहीत. नवं पान बघा. नवी पानं हिरवी, आटोपशीर येत असतील तर दुसरी पट्टी आणूच नका. देठ लांब आणि पान लहान होत असेल, तर दुसरी लावा. ठिपके आणि धागे दिसू लागले तर तास एकाने कमी करा. तास आणि पट्टी एकाच वेळी बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पानं काचेसारखी होऊन वितळतील. घाबरून प्रकाश वाढवू नका आणि झाड उपटू तर मुळीच नका. पाणी बदललं की हे झाड असंच करतं, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत वाढणारी क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिससुद्धा. सडलेली पानं कापून टाका, मुळं राहू द्या, मुळाशी खताची एक गोळी खोचा. नवी पानं खालून येतात.

गॅलरी कोणत्या दिशेला आहे आणि टाकी तिच्यापासून किती फुटांवर आहे तेवढं कळवा, म्हणजे सहा तासच ठेवायचे की पुढे सात-आठ करायचे ते सांगतो.