तापात आकडी आली तर : वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : आम्ही अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. मागच्या महिन्यात दुपारपासून त्याचे अंग कोमट लागत होते, पण तो खेळत होता म्हणून आम्ही फारसे मनावर घेतले नाही. दिवेलागणीला मी त्याला मांडीवर घेऊन भात भरवत असताना त्याचे डोळे एकदम वर गेले, अंग लाकडासारखे ताठ झाले, हातपाय झटके देऊ लागले आणि तोंडातून फेस आला. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला आणि मालकांनी दातखीळ सोडवण्यासाठी चमच्याचा दांडा तोंडात घातला. दोनेक मिनिटांत झटके थांबले, पण नंतर अर्धा तास तो गुंगीतच होता. दवाखान्यात नेले तेव्हा अंगात १०३ ताप होता. घसा सुजल्याचे सांगून डॉक्टरांनी औषध दिले आणि दोन दिवसांत तो पूर्ववत खेळू लागला. शेजारचे म्हणतात की ही फेफऱ्याची सुरुवात आहे. सासूबाई म्हणतात की मी तिन्हीसांजेला त्याला शेतातून आणले म्हणून असे झाले. त्याला हा आजार जन्माचा लागला का? मेंदूला इजा झाली असेल का? पुढची लस द्यावी की नाही?

उत्तर : ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे फेफरे नाही, अशा आकडीने मेंदूला इजा होत नाही, आणि पुढची लस ठरल्या वेळी द्यायची आहे.

तुमच्या मुलाला जे झाले ती तापातली आकडी होय. सहा महिने ते पाच वर्षे या वयात मेंदूची वाढ चालू असते आणि काही मुलांचा मेंदू अंगातला ताप चढत असताना असा प्रतिसाद देतो. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना पाचव्या वाढदिवसापूर्वी एकदा तरी अशी आकडी येते, म्हणजे तुमच्या गावातही अशी मुले असणारच. फक्त घरचे लोक ते बाहेर बोलत नाहीत. अनेकदा ताप आहे हे आकडी आल्यावरच लक्षात येते, कारण ती बहुधा तापाच्या पहिल्याच दिवशी येते. त्यामुळे दुपारी मूल खेळत होते आणि तुम्ही थांबलात, यात तुमची काही चूक नाही. शेताचा आणि तिन्हीसांजेचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही. घशातला किंवा कानातला जंतुसंसर्ग, साधा विषाणूचा ताप एवढेच कारण त्यामागे असते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्याकडे मूल आजारी पडले की पहिला बोल आईला लागतो, आणि आधीच घाबरलेल्या बाईवर हा दुसरा भार टाकणे मला फार अन्यायाचे वाटते. हे उत्तर सासूबाईंनाही वाचून दाखवावे. त्यांनी कांदा धरला तोही नातवाच्या मायेपोटीच, हे मी जाणतो.

मात्र कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने आकडी थांबत नाही. ती एक-दोन मिनिटांत आपोआप थांबणारच असते आणि श्रेय कांद्याला मिळते. चमचा घालणे तर सरळ धोक्याचे आहे. त्याने दुधाचे दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतात, हिरड्या फाटतात आणि बोट घालणाऱ्याचे बोटही चावले जाते. जीभ गिळली जाईल ही भीती निराधार आहे. जीभ गिळली जातच नाही. जीभ थोडी चावली गेली तरी ती जखम चार-सहा दिवसांत भरून येते. शुद्ध येईपर्यंत पाणी, दूध, औषध, साखर यांतले काहीही तोंडात घालायचे नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत.

करायचे ते एवढेच : मुलाला मांडीवरून उतरवून सपाट जागी एका कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर वाहून जाते. भात भरवताना आकडी आली तर ओठांवर दिसणारा घास पुसून काढावा, आतला घास काढण्यासाठी बोट घालू नये. गळ्याजवळचे कपडे, काळा दोरा किंवा ताईत सैल करावा. चूल, पायरी, विळी यांपासून मूल दूर असावे. आणि घरातल्या एका माणसाने घड्याळाकडे पाहावे. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे वीस मिनिटांसारखी वाटतात, आणि आकडी नेमकी किती वेळ चालली यावरच डॉक्टरांचे पुढचे बरेच निर्णय अवलंबून असतात. दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रीकरण केले तर उत्तमच. झटके दोन्ही अंगांना होते की एकाच, हे त्यात स्पष्ट दिसते.

आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा गावात गाडी तयार असेल तर तिनेच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात निघावे. तुम्हाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. झटके एकाच बाजूला आले, चोवीस तासांत पुन्हा आले, किंवा थांबल्यानंतर तासाभरानेही मूल ओळख देत नसेल, तर ही साधी आकडी राहत नाही आणि मुलाला रुग्णालयात ठेवून तपासावे लागते. मान ताठ होणे, टाळू फुगणे, सतत उलट्या, अंगावर दाबले तरी न मिटणारे लाल-जांभळे ठिपके ही मेंदूज्वराची किंवा रक्तात पसरलेल्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. त्यांत एक तासही दवडू नये. आकडी थांबली तरी पहिल्या वेळी मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचेच, आणि वय एक वर्षाच्या आत असेल तर त्याबाबत अधिकच दक्ष राहायचे. साध्या आकडीनंतर मेंदूचा फोटो (सीटी, एमआरआय) किंवा मेंदूची पट्टी (ईईजी) काढण्याची सहसा गरज नसते, आणि तुमच्या डॉक्टरांनी ती सांगितली नाही हे योग्यच झाले.

पुन्हा येईल का? अशा तीन मुलांपैकी साधारण एकाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते. पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली असेल किंवा आई, वडील, भावंड यांपैकी कोणाला लहानपणी येत असेल, तर ही शक्यता थोडी वाढते. तुमचा मुलगा सोळा महिन्यांचा आहे, तेव्हा मनाची तयारी असू द्या. पुढे फेफऱ्याचा आजार होणारी मुले मात्र शंभरात एखाद-दुसरीच असतात, आणि इतर मुलांमध्येही हे प्रमाण याच्या जवळपासच असते.

तापाचे औषध दिल्याने पुढची आकडी टळते असे नाही. हे ऐकून अनेक पालकांना आश्चर्य वाटते. ते औषध मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायचे असते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असते आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तास जावे लागतात. इथे बाटली नीट वाचावी. दहा किलोच्या मुलाला ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलेले पातळ औषध ५ मिली द्यावे लागेल, ५ मिलीत २५० लिहिलेले अडीच मिलीच पुरेल, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतले फक्त १ मिली. दुकानदाराने बाटली बदलून दिली आणि आपण जुन्याच चमच्याने पाजले, तर औषध दुप्पट जाते किंवा निम्मेच पोटात जाते. थेंबांच्या बाटलीत तर चूक पाचपट होते. डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा कागदावर लिहून घ्यावी. आकडी वारंवार किंवा लांबत असेल तर ती थांबवणारा, नाकात मारायचा फवारा घरी ठेवण्याबद्दल त्यांनाच विचारावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यासंबंधी एक गोष्ट वेगळी सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत निजलेल्या मुलाचे अंग उन्हानेच तापते. त्यातून मूल बेशुद्ध झाले किंवा आकडी आली, तर तो उष्माघात होय, आणि त्यावर तापाचे औषध चालत नाही. मुलाला सावलीत आणावे, कपडे काढावेत, अंगभर साधे पाणी शिंपडत वारा घालावा आणि तसेच करत दवाखाना गाठावा.

लसीबद्दल : सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर द्यायचा असतो, तो चुकवू नका. त्रिगुणी लसीचा ताप एक-दोन दिवसांत येतो, गोवरच्या लसीचा साधारण एक ते दीड आठवड्याने. तापात आकडी येऊन गेल्याचे परिचारिकाताईंना आधी सांगा. खुद्द गोवरात मेंदूला होणारा त्रास लसीच्या तापापेक्षा कितीतरी गंभीर असतो.

प्रश्न : नांदेडहून लिहितो आहे. माझी नात चौदा महिन्यांची आहे. हातातली वस्तू काढून घेतली की ती जोरात रडते, रडता रडता दम कोंडतो, ओठ निळे पडतात आणि ती अंग टाकून देते. मिनिटभरात पुन्हा ठीक होते. आता तिला कोणी रडूच देत नाही. हीसुद्धा आकडीच का?

उत्तर : आजोबा, ही आकडी नव्हे, हे रडताना श्वास कोंडणे आहे. आधी रडणे, मग श्वास रोखला जाणे, मग निळे पडणे हा क्रम तुम्ही अचूक टिपला आहे, आणि त्यावरूनच निदान होते. मूल हे मुद्दाम करत नाही. हा प्रकार बहुधा सहा महिन्यांनंतर सुरू होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबतो. त्या वेळी तिला कुशीवर निजवावे; हलवू नये, थोबाडीत मारू नये, तोंडावर पाण्याचा हबका मारू नये. न रडताच, खेळताना किंवा झोपेत असे झाले, तर मात्र हृदयाची तपासणी करून घ्यावी.

तिचे रक्त तपासून घ्या. अशा मुलांमध्ये लोहाची कमतरता पुष्कळदा आढळते आणि लोहाचे औषध सुरू केल्यावर हे प्रसंग बरेच कमी होतात. नातीला सकाळी बशीत चहा ओतून त्यात बिस्किट बुडवून देत असाल, तर तो आजपासून बंद करा. चहा अन्नातले लोह शोषू देत नाही आणि पोट भरल्याने मूल जेवतही नाही. दिवसभराचे दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवून डाळीत कुस्करलेली बाजरीची भाकरी, बारीक चिरलेली पालेभाजी, चालत असेल तर अंडे, आणि वर लिंबाचे दोन थेंब द्या. आशाताईंकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचे लोहाचे औषध मिळते, पण ते कमतरता होऊ नये म्हणून आहे. कमतरता आढळली तर लागणारी मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी.

आणि तिला रडूच द्यायचे नाही, हे चालणार नाही. मागेल ते हातात मिळते हे मूल लवकर शिकते. कात्री काढून घ्यायची असेल तर काढूनच घ्या, फक्त त्याच वेळी तिचे लक्ष दुसरीकडे वळवा.

प्रश्न : परभणीजवळच्या गावात गेल्या महिन्यात यात्रा होती. तिथून आल्यापासून आमची साडेतीन वर्षांची मुलगी झोपल्यावर तासा-दोन तासांनी किंचाळत उठते, डोळे उघडे असतात, पण मला ओळखत नाही. सकाळी तिला काही आठवत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले.

उत्तर : ही गाढ झोपेतली भीती आहे. मूल अर्धे जागे आणि अर्धे झोपेत असते, म्हणून ते आईलाही ओळखत नाही. जागरण, प्रवास, ताप यांनंतर हे सुरू होते, आणि यात्रेत तिच्या झोपेची वेळ नक्कीच मोडली असणार. तिला गदागदा हलवून जागे करू नका. पडणार नाही एवढे पाहा, दहा-पंधरा मिनिटांत ती आपोआप निजेल. आठवडाभर रोज एकाच वेळी, नेहमीपेक्षा थोडे लवकर निजवा. घरच्यांच्या समाधानासाठी कपाळाला अंगारा लावला तर माझी हरकत नाही, पण तो पोटात देऊ नका आणि डाग देणाऱ्या किंवा मारणाऱ्या कोणाच्याही दारात तिला नेऊ नका. एका रात्रीत अनेकदा, पहाटेसुद्धा, आणि अंगाला झटके येऊन असे होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलाला हाताला धरून बैलगाडीतून खाली उतरवले. तेव्हापासून तो हात लोंबता ठेवतो, हलवू देत नाही. सूज नाही. मालीश करावी का? (जि. जालना)

उत्तर : मालीश करू नका. मनगटाला धरून उचलल्याने कोपरातले हाड जागेवरून किंचित सरकते आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत हे नेहमी आढळते. डॉक्टर ते काही सेकंदांत बसवतात आणि थोड्याच वेळात मूल त्या हाताने वस्तू घेऊ लागते. सूज आली किंवा मूल उंचावरून पडलेले असेल, तर आधी एक्स-रे काढावा. यापुढे त्याला काखेत दोन्ही हात घालून उचला.