आवडत्या सिनेमांची यादी करताय? आधी एवढंच करा

यादी करायला घेतलीत, छान! 'जगातले सर्वश्रेष्ठ शंभर' छापाच्या याद्या मात्र बाजूला ठेवा. नवी मंडळी हमखास इथेच फसतात, आवड सांगायची सोडून परीक्षेचं उत्तर लिहितात.

दुसरी चूक म्हणजे गोष्टच सांगत बसणं. 'का आवडला' याचं उत्तर कथेत क्वचितच सापडतं. एखादा प्रसंग धरा. माझ्या यादीत '१२ अँग्री मेन' (१९५७) कायम वर असतो. जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत घडतो. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवतात, मग हळूहळू खाली आणतात. शेवटी शेवटी छतही दिसायला लागतं आणि खोली अंगावर येते. हे पहिल्या खेपेला कळायलाच हवं असं नाही. घुसमट जाणवली ना? मग तेवढंच लिहा.

सध्या इतकं पुरे:
- पाचच सिनेमे
- प्रत्येकी दोन-तीन वाक्यं
- एक तरी असा, जो आवडतो हे सांगायला लाज वाटते (दुसऱ्यांच्या याद्यांत मी आधी तोच शोधतो!)

लेन्स, संकलन वगैरे नंतर बघू. आणि 'अप्रतिम', 'भन्नाट' तूर्तास कुलपात ठेवा.