पदवी आयटीची नाही पण सर्टिफिकेशन्स आहेत, ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड मायग्रेशनमध्ये ती धरतात का?

तुम्ही लिहिलंय की पदवी कॉमर्सची आहे, आठ वर्षं नेटवर्कचं काम केलंय, सिस्कोचं सीसीएनपी (नेटवर्किंगचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट) आहे, शिवाय अझ्युअर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) आणि आयटीआयएलची (आयटी सेवांचं व्यवस्थापन) सर्टिफिकेट्स आहेत, तर ही सगळी मान्य कशी करून घ्यायची आणि व्हिसासाठी जे पॉइंट, म्हणजे गुण, मोजतात त्यात त्यांचे किती. माझीही पदवी आयटीची नव्हती आणि मी याच रस्त्याने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सर्टिफिकेट मान्य करून घ्यायचा असा वेगळा अर्ज नसतोच. अर्ज असतो तो स्किल्स असेसमेंटचा, आणि आयटीच्या बहुतेक व्यवसायांसाठी तो ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएसकडे करायचा. ते तुमचं शिक्षण आणि तुमचं काम दोन्ही एकत्र बघतात आणि अमुक एका व्यवसाय कोडसाठी (प्रत्येक व्यवसायाला ठरलेला नंबर) तुम्ही योग्य आहात की नाही ते सांगतात. सर्टिफिकेट यातल्या शिक्षणाच्या बाजूला जाऊन बसतं का, एवढाच खरा प्रश्न. आणि बसलं तर त्याचा फायदा पॉइंटच्या रकान्यात शोधू नका, तो मिळतो अनुभवाच्या वर्षांमध्ये. मला हे कळायला बरेच महिने लागले, आणि कळल्यावर माझा सगळा हिशोबच बदलला.

म्हणजे बघा, एसीएस तुमचा सगळा अनुभव पॉइंटसाठी सोडत नाही. सुरुवातीची काही वर्षं ते 'कुशल होण्यासाठी लागलेली वर्षं' म्हणून कापून घेतात आणि एक तारीख देतात, त्या तारखेच्या पुढचं कामच पॉइंटसाठी चालतं. किती वर्षं कापायची ते शिक्षणावर ठरतं. आयटीची पदवी असेल आणि ती कामाशी जवळून जुळत असेल तर गेल्या दहा वर्षांतली २ वर्षं जातात. डिप्लोमाच्या पातळीचं आयटी शिक्षण असेल तर ५ वर्षं जातात. आणि पदवी दुसऱ्याच विषयाची असेल, आयटीचं काहीच शिक्षण नसेल, तर आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे कामातून शिकलेलं मान्य करून घेणं) नावाच्या मार्गाने जावं लागतं, तिथे ६ वर्षं जातात. आता सीसीएनपीसारखी प्रोफेशनल पातळीची वेंडर सर्टिफिकेशन्स (सिस्को, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या स्वतः देतात ती) एसीएस डिप्लोमाच्या तोडीची धरत आलंय. तुमची आठ वर्षं घ्या. आरपीएलने गेलात तर ८ मधून ६ गेली, उरली २, आणि ऑस्ट्रेलियाबाहेरच्या अनुभवाचे पॉइंट सुरूच होतात ३ वर्षांपासून, म्हणजे हातात शून्य. सीसीएनपी डिप्लोमा म्हणून बसलं तर ८ मधून ५ गेली, उरली ३, म्हणजे ५ पॉइंट. एका सर्टिफिकेटने एवढा फरक पडतो, आणि पुढे ५ वर्षं भरली की १०, ८ भरली की १५ अशी ती शिडी चढते, म्हणून वाचवता येणारं एक वर्षसुद्धा वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

आयटीआयएल फाउंडेशन, अझ्युअर फंडामेंटल्स असल्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षांकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नका, त्या शिक्षण म्हणून उभ्या राहत नाहीत. बायोडेटात असू द्या. मी सुरुवातीला अशी चौदा सर्टिफिकेट्स स्कॅन करून ठेवली होती, त्यातलं कामाला आलं फक्त एक. म्हणून अर्ज भरायच्या आधी एसीएसच्या सध्याच्या गाइडलाइन्सची पीडीएफ उघडा आणि तुमचं सर्टिफिकेट त्यात कुठे बसतं ते स्वतः वाचा, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका, मी सांगितलं म्हणूनही नको.

पॉइंटचंही सांगते कारण तुम्ही विचारलंय. शिक्षणाचे पॉइंट इमिग्रेशन खातं देतं आणि ते फक्त सगळ्यात वरच्या शिक्षणाचे मिळतात, बेरीज होत नाही. बॅचलरच्या तोडीची पदवी ठरली तर १५, आणि ती कॉमर्सची असली तरी चालते, विषय आयटीच हवा अशी अट त्या रकान्यात नाही. डिप्लोमा पातळीला १०. कायद्यात असंही आहे की त्या व्यवसायासाठी योग्य म्हणून असेसिंग संस्थेने मान्य केलेली पात्रता असेल तर १० मिळतात, सर्टिफिकेटवाल्यांना हा धागा पदवी नसेल तेव्हा उपयोगी. तुमच्याकडे पदवी आहे, ती तोडीची ठरली की १५ तिकडून घ्या आणि सर्टिफिकेटचा उपयोग वर्षं वाचवायला करा. एकूण किमान ६५ लागतात पण ६५ वर सहसा व्हिसाचा अर्ज करायचं बोलावणं येत नाही, त्यामुळे इंग्रजीवर मेहनत करा, आयएलटीएसमध्ये चारही भागांत ७ आले तर १० पॉइंट आणि ८ आले तर थेट २०, एवढे पॉइंट एका परीक्षेत दुसरं कुठलंच सर्टिफिकेट देत नाही.

आता पुराव्याचं, इथे लोक अडकतात. सर्टिफिकेटचा नुसता सुंदर कागद पुरत नाही, ते खरं आहे हे समोरच्याला ऑनलाइन तपासता आलं पाहिजे. मायक्रोसॉफ्टची ट्रान्सक्रिप्ट लिंक, सिस्कोचा व्हेरिफिकेशन नंबर, क्रेडली या साइटवरचा डिजिटल बॅज, जे असेल ते जोडा. माझं काय झालं, माझं जुनं सर्टिफिकेट आधीच्या नोकरीच्या ऑफिस ईमेलवर होतं, ती नोकरी सुटली, ईमेल बंद, आणि माझ्याच प्रोफाइलमध्ये मला शिरता येईना. सपोर्टशी मेलामेली करून ते वैयक्तिक अकाउंटला जोडून घेण्यात बरेच आठवडे गेले आणि त्या काळात अर्ज तसाच पडून होता. तुमची सगळी सर्टिफिकेट्स आजच वैयक्तिक ईमेलवर आणा. नावही बघा, पासपोर्टवर पूर्ण नाव आणि सर्टिफिकेटवर नुसतं नाव-आडनाव असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या.

मुदतीकडेही लक्ष ठेवा. सिस्कोची सर्टिफिकेशन्स ३ वर्षं चालतात, तुमचं सीसीएनपी संपत आलं असेल तर आधी रिन्यू करा, संपलेल्या कागदावर शंकेला जागा का ठेवायची. मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्सपर्ट पातळीची दर वर्षी रिन्यू करावी लागतात पण ते फुकट आणि घरबसल्या होतं. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचं जुनं एमसीएसई सर्टिफिकेट आहे त्यांच्यासाठी, तो प्रोग्रॅम जानेवारी २०२१ च्या शेवटी बंद झाला, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट काढून जपून ठेवा.

सर्टिफिकेटइतकीच, खरं तर त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीचं अनुभव पत्र. लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि मुख्य म्हणजे तुम्ही नेमकं काय काम करत होता ते सविस्तर, खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क. 'अमुक यांनी आमच्याकडे काम केले, त्यांची वागणूक चांगली होती' असल्या दोन ओळींच्या पत्राचा काही उपयोग नाही. माझ्या एका जुन्या कंपनीने कामाचं वर्णन लिहून द्यायला साफ नकार दिला, तेव्हा तिथल्या सहकाऱ्याकडून शपथपत्र करून घेतलं आणि सोबत पगाराचे पुरावे, नेमणूक पत्र लावलं. नोकरीत असतानाच पत्र मागा, सोडल्यावर उत्तरं यायची थांबतात.

पत्रातलं काम आणि निवडलेला कोड जुळला पाहिजे. नेटवर्क डिझाइन, राउटिंग, मोठ्या सिस्टिम्स उभ्या करणं असं असेल तर २६३१११, कॉम्प्युटर नेटवर्क अँड सिस्टिम्स इंजिनिअर. फायरवॉल आणि सुरक्षाच जास्त असेल तर २६२११२, आयसीटी सिक्युरिटी स्पेशालिस्ट. आणि काम टेलिकॉमकडे झुकत असेल, २६३३११ घ्यायचा असेल, तर तो कोड एसीएसकडे नाहीच, तो इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे जातो, आणि तिथले नियम अगदी वेगळे.

काही कारणाने सीसीएनपी धरलं गेलं नाही आणि आरपीएल करावं लागलं तर घाबरू नका. दोन प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचे असतात, एक गेल्या ३ वर्षांतला आणि एक ५ वर्षांतला, आणि तुम्हाला काय येतं ते विषयवार लिहायचं. इथे तुमचं सर्टिफिकेट पुन्हा कामाला येतं, त्यासाठी केलेला अभ्यास आणि कामात तो कुठे वापरला हे लिहायला भरपूर मजकूर मिळतो. फक्त कुणी एजंट तयार रिपोर्ट विकत असेल तर हात जोडून सांगते, घेऊ नका. एसीएस नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट घालतं, आणि पकडलं गेलं तर अर्ज तर जातोच पण बात इमिग्रेशनपर्यंत जाऊ शकते. स्वतःचं मोडकंतोडकं लिहिलेलं बरं.

कॅनडाचाही विचार चालू असेल तर तिथे एक्स्प्रेस एंट्रीमध्ये (कुशल लोकांसाठीची त्यांची पॉइंटवर चालणारी पद्धत) शिक्षणाची तपासणी पदवी-डिप्लोमाचीच होते, वेंडर सर्टिफिकेटचे पॉइंट नाहीत. जर्मनी मात्र बघा, तिथे नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवी नसतानाही ब्लू कार्ड (कुशल कामगारांचा राहण्या-कामाचा परवाना) मिळू शकतं, गेल्या ७ वर्षांत ३ वर्षांचा संबंधित अनुभव आणि ठरलेल्या पगाराची नोकरी हातात हवी, तिथे सर्टिफिकेट्स अनुभवाला जोड म्हणून चांगली शोभतात.

एसीएसचा निकाल आल्यावर तो २ वर्षं चालतो, त्यामुळे इंग्रजीची परीक्षा आधी उरका आणि मग असेसमेंट करा, उलटं केलं तर ती दोन वर्षं आयएलटीएसच्या वाऱ्या करण्यातच जातात. तुमचं सीसीएनपी कुठल्या ट्रॅकचं (म्हणजे कुठल्या शाखेचं) आहे, ते कधी संपतंय आणि रोजचं काम नेमकं काय ते खाली लिहा, कोड २६३१११ घ्यावा की २६२११२ ते मग नीट सांगता येईल.